टेस्टेड ओके

मेच्या शेवटी चिपळूणला गेले होते. दुपारची जेवणं उरकलेली, आई जरा आडवी झालेली, आणि आतल्या खोलीतून बाबांचा आवाज येत होता. "हो मॅडम. केला मॅडम. परत करू का? बरं, धरा जरा." मग खुर्ची सरकल्याचा आवाज, चपला फटफट करत पडवीपर्यंत, स्टुलावर चढताना एक हुंकार, राउटरचं बटण, आणि परत तोच सगळा प्रवास उलटा. "केला बंद. आता दोन मिनिटं थांबायचं ना? थांबतो. नाही नाही, घाई काही नाही." पलीकडची कस्टमर केअरची मुलगी सांगेल ते बाबा करत होते, आणि वर्गात उशिरा आलेला पोरगा बाईंशी बोलतो ना, तशा आवाजात करत होते. शेवटी तिने सांगितलं की सर आमच्या बाजूने सगळं ओके दिसतंय. बाबा "थँक्यू मॅडम" म्हणाले, फोन ठेवला, आणि जरा वेळाने नेट परत गेलं.

मला ते "थँक्यू मॅडम" काही केल्या पचेना.

कारण बाबा टेलिफोन खात्यातले. लाइनमन म्हणून लागले, पुढे फोन मेकॅनिक झाले, २००० साली खात्याची बीएसएनएल कंपनी झाली तरी आमच्या घरात ते शेवटपर्यंत "खातं"च राहिलं. ३१ जानेवारी २०२० ला व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेऊन बाहेर पडले. त्या एका दिवशी देशभरात ७८ हजारांहून जास्त माणसं एकदम घरी बसली, त्यातलेच एक. आम्ही लहान असताना १९८ ला फोन करून तक्रार लावली की ती चिठ्ठी होऊन ज्याच्या खिशात पडायची तो माणूस म्हणजे बाबा. गावात ब्रॉडबँड आला तेव्हा, २००५ नंतर, त्यांनीच घरोघरी मोडेम आणि स्प्लिटर बसवलेत. तेव्हा २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणायचे आणि लोक त्यावर खूश असायचे. एकाच तांब्याच्या जोडीवर खालच्या फ्रिक्वेन्सीवर आवाज आणि वरच्या फ्रिक्वेन्सीवर नेट, आणि स्प्लिटर दोघांना वेगळं करतो, हे त्यांनी मला आमच्या ओट्यावर बसून कागदावर काढून दाखवलं होतं. अशा माणसाला कोणीतरी स्क्रिप्ट वाचून सांगतंय की प्लग काढा आणि दोन मिनिटांनी लावा, आणि तो लावतोय.

प्रॉब्लेम काय होता ते आता सांगते. घर जांभ्याच्या चिऱ्याचं, भिंती दीड फुटी. केबलवाल्याचा फायबर पडवीतून आत येतो, तिथेच राउटर, आणि तोही पार वर, हात पुरणार नाही इतका वर. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीच्या पुराचं पाणी आमच्या घरात छातीपर्यंत होतं, तेव्हापासून आमच्याकडे जमिनीजवळ विजेचं काही ठेवायचं नाही असा आईचा कायदा आहे. बटणं वर, फ्रिज चौथऱ्यावर, इन्व्हर्टर माळ्यावर. कम्प्युटर आतल्या खोलीत, उंच टेबलावर, जुनाच डेस्कटॉप, त्याला यूएसबीत खुपसलेला, वायफाय पकडणारा नखाएवढा डोंगल. मधे दोन भिंती. वायफायचा फाइव्ह गिगाहर्ट्झचा पट्टा तर एका भिंतीतच गारद होतो, त्यामुळे डोंगल टू पॉइंट फोरवर चालतो. सिग्नल दोन कांड्या, पण असतो. आणि मग मधेच जातो. म्हणजे कधी वायफायचं चिन्ह जागेवर असतं आणि पानं उघडत नाहीत, कधी चिन्हच जाऊन पृथ्वीचा गोळा येतो, पाच-दहा मिनिटांनी आपोआप परत. पडवीत आईच्या मोबाइलवर त्याच वेळेला सिरीयल व्यवस्थित चालू असते, हा वर अपमान.

बाबांना नेट लागतं ते फोटोंसाठी. पुरात आमचे सगळे अल्बम गेले. गेले म्हणजे वाहून नाही गेले, ते एक परवडलं असतं. गाळ उपसताना कपाटातून निघाले, फुगलेले, पानं एकमेकांना चिकटलेली, आणि आई दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू पान सोडवायला गेली की कागद हातात यायचा आणि रंग समोरच्या पानाला राहायचा. माझ्या बारशाच्या फोटोत आता फक्त पाळण्याची दोरी आहे, बाकी सगळं गुलाबी आणि मातकट. तर बाबांनी टूम काढली की आपल्याकडचे गेले पण आपण इतरांना पाठवलेले, इतरांनी काढलेले, लग्नकार्यातले, ते कुठेतरी असणारच. ठाण्याची आत्या, सावर्ड्याचे काका, खात्यातले जुने मित्र, सगळ्यांच्या मागे लागून ते फोटो स्कॅन करून मागवतात, मग कम्प्युटरवर व्हॉट्सअप उघडून एकेक उतरवतात आणि मी दिलेल्या एक्स्टर्नल हार्डडिस्कवर टाकतात. फोल्डरला नावं पण अशी: "आत्या ठाणे दुसरा गठ्ठा", "साखरपुडा कोणाचा विचारणे". झालं की डिस्क टॉवेलमधे गुंडाळून ड्रॉवरमधे. आणि बाबांची तक्रार एकच, "कामाला बसलं की जातं."

असं वाक्य आपण कधी शब्दशः घेतो का हो? लाईट पण कामाच्या वेळेलाच जाते.

मी पुण्याहून आलेली आयटीवाली मुलगी, त्यामुळे मी जे करायचं ते सगळं केलं. डोंगलचा ड्रायव्हर काढून नवा टाकला. डिव्हाइस मॅनेजरमधे जाऊन ती कुप्रसिद्ध टिक काढली, वीज वाचवायला हे डिव्हाइस बंद करायची कम्प्युटरला परवानगी असते ती. राउटरमधे शिरून चॅनल बदलला, कारण आळीतले सगळे राउटर एकाच चॅनलवर गर्दी करून बसले होते आणि टू पॉइंट फोरमधे एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनल मोजून तीनच, १, ६ आणि ११. डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर, बदलून गूगलचा ८.८.८.८ टाकला, त्याचा याच्याशी संबंध नसणार हे माहीत असून टाकला, हात रिकामे राहायला नकोत म्हणून. मायक्रोवेव्हवर संशय घेतला, कारण तोपण २.४५ गिगाहर्ट्झवरच तापवतो, म्हणून आईला सांगितलं की एक वाटी पाणी ठेव आणि मी ओरडले की चालू कर. वाटीतलं पाणी उकळून निम्मं झालं, नेट हललं नाही. आई म्हणाली, आता याचा चहा टाकू का अजून काही उकळायचंय?

एकदा मात्र मी समोर असताना गेलं, तेव्हा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा कम्प्युटरचा पत्ता, बघितला तर १६९.२५४ ने सुरू होणारा. हा नंबर दिसला की समजायचं, कम्प्युटरने पत्ता मागितला, राउटरपर्यंत हाक पोचली नाही किंवा उत्तर आलं नाही, शेवटी त्याने स्वतःच एक पत्ता ठोकून दिला. एरवी मी बसले की ढिम्म चालायचं. तासभर चालायचं. मी उठून पडवीत गेले की आतून आवाज, "गेलं बघ."

हे असं समोर चालणारं आणि पाठ फिरली की जाणारं काम मला लहानपणापासून माहिती होतं, फक्त वेगळ्या वेषात. पावसाळ्यात बाबा पहाटे निघायचे. म्हणजे ड्युटी सुरू व्हायच्या कितीतरी आधी. अंधारात आधी गमबुटांचा आवाज, मग ओल्या रेनकोटचा तो रबरी वास खोलीभर, मग सायकलच्या कॅरियरला कॅनव्हासची पिशवी, तिच्यात पक्कड, तारेचं इन्सुलेशन तपासायचा मेगर, टेस्टिंगचा फोन, इन्सुलेशन टेप. आई चिडायची की साहेब दहाला येतो, तुम्ही पाचला कुठे. त्याचं कारण मला खूप नंतर कळलं. फोनचे फॉल्ट ठरलेले असायचे, डिसकनेक्शन म्हणजे तार तुटली, अर्थ म्हणजे कुठेतरी ओल जमिनीला लागली, कॉन्टॅक्ट म्हणजे दोन तारा भेटल्या, आणि सगळ्यात बदमाश लो इन्सुलेशन. कुठल्यातरी जॉइंटमधे रात्रीचं पाणी शिरतं, फोनवर खरखर, दुसऱ्याचंच बोलणं ऐकू येतं. माणूस सकाळी शेजाऱ्याकडे जाऊन तक्रार लावतो. मग पाऊस उघडतो, अकराला ऊन पडतं, जॉइंट सुकतो, आणि बारा वाजता लाइनमन येऊन लाईन तपासतो तर एकदम स्वच्छ. चिठ्ठीवर लिहायचं, टेस्टेड ओके. तक्रार बंद. कागदावर कोणाचीच चूक नाही. रात्री परत खरखर. बाबा म्हणायचे फॉल्ट असतो तेव्हा जायचं, आपल्याला सवड असते तेव्हा नाही. म्हणून पाचला.

संध्याकाळी परत यायचे ते हात चिकट होऊन. नव्या केबलमधे पाणी शिरू नये म्हणून जेली भरलेली असते, व्हॅसलिनसारखीच पण जास्त हट्टी, ती कोपरापर्यंत. साबणाने जात नाही. आधी रॉकेलचा बोळा, मग कपड्याचा साबण, मग गरम पाणी, आणि तरी टॉवेलला डाग. जिभेवर नाही पण नाकात माझ्या बालपणाची चव रॉकेल आणि ओल्या खाकीची आहे. कधी ओल्या हाताने जोडी धरलेली असताना नेमकी कोणाची तरी रिंग यायची. लाईनवर एरवी ४८ व्होल्ट, त्याचं काही वाटत नाही, पण रिंगचा करंट ७५ व्होल्टचा, तो कोपरापर्यंत झिणझिण्या आणतो. "कोणाचा तरी फोन लागला" असं म्हणून ते हसायचे. आता लिहिताना ते तितकंसं हसण्यासारखं वाटत नाहीये.

तर दोन-चार दिवस माझं हे ड्रायव्हर-बिव्हर बघून झाल्यावर बाबा म्हणाले, "अगं तू सगळीकडे हात घालतेयस. आधी मधे तोड."

मधे तोड म्हणजे, एक्सचेंजपासून घरापर्यंत समजा चार किलोमीटर लाईन आहे, तर चार किलोमीटर चालत सुटायचं नाही. मधल्या पिलरला, म्हणजे रस्त्याकडेच्या जोड्यांच्या कपाटाला, जायचं, जोडी सोडायची, एकदा एक्सचेंजकडे तोंड करून तपासायची, एकदा घराकडे. फॉल्ट कुठल्या अर्ध्यात आहे ते कळलं की त्या अर्ध्याच्या मधे. मग त्याच्या अर्ध्याच्या. शेवटी एक खांब आणि एक जॉइंट उरतो. मी रोज कोड डीबग करताना हेच करते आणि त्याला भारी नाव आहे, पण घरच्या नेटच्या बाबतीत माझ्या डोक्यात आलं नव्हतं, किंवा आलं असेल तरी चिऱ्याच्या भिंतीआड राहिलं.

मग मी दोन काळ्या खिडक्या उघडल्या. एकीत पिंग राउटरला, १९२.१६८.१.१, दुसरीत पिंग बाहेर ८.८.८.८ ला, दोन्ही न थांबता चालत राहतील असे. बाबांना पिंग ही गोष्ट बेहद्द आवडली. हाक मारायची, उत्तर किती मिलीसेकंदात येतं मोजायचं, बस. माइक म्यूस नावाच्या एका अमेरिकन माणसाने डिसेंबर १९८३ मधे आपलं नेटवर्क विचित्र वागतंय म्हणून हा प्रोग्रॅम झटपट लिहिला, आणि गंमत म्हणजे पहिला पिंग सोडायच्या आधीच ते नेटवर्क दुरुस्त झालं होतं. हे सांगितल्यावर बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "बघ! त्याचं पण टेस्टेड ओके!"

आणि मग त्यांनी मला खुर्चीवरून उठवलं. "तू बसलीस की कशाला जाईल ते. ऊठ. मी माझं काम करतो, तू नुसती बघ." चष्मा लावला, ड्रॉवर उघडला, टॉवेल सोडला, डिस्कची जाडजूड आखूड वायर कम्प्युटरला लावली, व्हॉट्सअप उघडलं, आत्याचा गठ्ठा उतरवून डिस्कवर टाकायला घेतला. मी मागे उभी. खिडक्यांमधे ओळी पळतायत, चार मिलीसेकंद, तीन, चार, बाहेरचा अठ्ठावीस, तीस. आणि मग दोन्ही खिडक्यांमधे एकदम दोनशे, नऊशे, आणि रिक्वेस्ट टाइम्ड आउट. रिक्वेस्ट टाइम्ड आउट. राउटर काही पावलांवर, पडवीत, हिरवे दिवे लावून बसलेला, आणि त्याची हाक येत नाही.

"दोन्ही गेले," बाबा म्हणाले. "म्हणजे बाहेरचं काही नाही. आतला फॉल्ट." मग ते डोंगलकडे बघत बसले. हात लावला नाही, नुसते बघत बसले, वरच्या जॉइंटकडे खालून बघायचे तसे मान तिरकी करून. आणि विचारलं, "याच्या शेजारून काय जातंय?"

शेजारी, अगदी बोटभर अंतरावर, निळ्या, म्हणजे यूएसबी थ्रीच्या पोर्टमधे डिस्क.

गुहागरच्या बाजूला एका रस्त्यावर फोनच्या उघड्या तारा आणि विजेच्या तारा बराच पल्ला शेजारीशेजारी जायच्या, आणि त्या लाईनवर कायम घूं असा आवाज असायचा, ना कुठे तार तुटलेली ना कुठे ओल. सगळं ओके, फक्त शेजार वाईट. त्यावर उपाय म्हणून ठराविक खांबांवर फोनच्या दोन तारांच्या जागा अदलाबदल करायचे, म्हणजे दोन्हीत सारखाच आवाज शिरतो आणि शेवटी एकमेकांना मारतो. ही गोष्ट मी आधी ऐकली असेन, नसेन. पण बाबांनी डिस्क काढली आणि खिडकीत उत्तरं परत यायला लागली. लावली, कॉपी सुरू केली, परत दोनशे, नऊशे, टाइम्ड आउट. मग त्यांनी कॉपी चालू असतानाच डिस्क उचलून वायर ताणेल तितकी लांब धरली, तर आकडे जरा उतरले. जवळ आणली, चढले. पुढची दहा मिनिटं एक सेवानिवृत्त माणूस हातात हार्डडिस्क धरून मागेपुढे करत होता आणि दर वेळी माझ्याकडे वळून बघत होता. मला वाटतं पूर आल्यापासून मी त्यांना इतकं खूश बघितलं नव्हतं.

ही काही भुताटकी नाही, यावर इंटेलने २०१२ सालीच सविस्तर लिहून ठेवलंय. यूएसबी थ्री ज्या वेगाने डेटा ढकलतो त्याचा गोंगाट नेमका २.४ ते २.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो, पोर्टमधून, वायरमधून, डिस्कच्या डब्यातून बाहेर झिरपतो, आणि जवळ एखादा इवलासा वायरलेस रिसीव्हर असला की त्याच्या कानाशी वीसेक डेसिबलने गोंधळ वाढतो, म्हणजे जवळपास शंभर पट. राउटर शेजारच्या खोलीत असता तर कदाचित निभावलं असतं. पण दोन चिऱ्याच्या भिंतींतून आलेली ती बारीकशी हाक, तिच्यासमोर हा ढोल. आणि डिस्क फक्त फोटोंच्या वेळीच ड्रॉवरमधून निघते. "कामाला बसलं की जातं" हे त्यांचं म्हणणं अक्षरशः, तंतोतंत खरं होतं. त्या कस्टमर केअरच्या मुलीचं पण खरंच होतं, तिच्या बाजूने ओके. केबलवाल्याचं पण खरं, डोंगल माझ्या लॅपटॉपला लावला तर तोही ओके, डिस्क ओके, कम्प्युटर ओके. प्रत्येकाने आपापला तुकडा तपासून बरोबर सांगितलं होतं. तिच्या स्क्रिप्टमधे "तुम्ही नेमकं काय काम करत असता तेव्हा जातं?" हा प्रश्न नसणार एवढंच. तो असता तर एका फोनमधे निकाल लागला असता असं मी म्हणत नाही, पण बाबांना स्टुलावर तरी कमी चढावं लागलं असतं.

उपाय फालतू आहे. शेसव्वाशे रुपयांची यूएसबीची एक्स्टेन्शन वायर आणायची, डोंगल हातभर लांब टांगायचा, संपलं. किंवा डिस्क मागच्या काळ्या पोर्टला, म्हणजे जुन्या यूएसबी टूला लावायची, हळू चालेल पण गोंगाट नाही. मी तसं सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, छे, वायर टाकू. म्हणजे पडवीपासून आतल्या खोलीपर्यंत चक्क लॅन केबल. आई म्हणाली भिंतीवर आता अजून एक दोरी नको, गौरी-गणपतीला रंग काढायचाय. त्यावर बाबांनी जे स्पष्टीकरण दिलं ते तांत्रिक कमी आणि भावनिक जास्त होतं, पण त्यांनी ते तांत्रिक आवाजात दिलं.

वायर आली. कनेक्टर आले, क्रिम्पिंगची पक्कड शेजारच्या कम्प्युटरवाल्याकडून उसनी. बाबांनी वरचं आवरण सोललं आणि आतल्या चार जोड्या बघून गप्पच झाले, कारण प्रत्येक जोडीला पीळ होता. इंचाइंचाला अदलाबदल. गुहागर रोडला जे खांबावर चढून करायचे ते इथे कारखान्यातूनच करून आलेलं. मग रंग. फोनच्या केबलचे रंग त्यांना झोपेतही येतात, पांढरा-लाल-काळा-पिवळा-जांभळा एका बाजूला, निळा-नारिंगी-हिरवा-तपकिरी-राखाडी दुसऱ्या बाजूला, पाच गुणिले पाच पंचवीस जोड्या. त्यांच्या हिशोबाने एका जोडीने एकत्र नांदायचं असतं. इथे मी मोबाइलवर बघून क्रम सांगत होते, नारिंगी-पांढरा, नारिंगी, हिरवा-पांढरा, निळा. "थांब. हिरव्याचा हिरवा कुठाय?" तो दोन घरं सोडून. "मधे निळ्याची जोडी का घुसवली?" मग वाचून सांगितलं, मधल्या दोन पिना, ४ आणि ५, या फोनच्या जोडीची जागा. साधा टेलिफोनचा छोटा कनेक्टर याच सॉकेटमधे लावला तर नेमका त्या दोघांवर बसावा म्हणून निळी जोडी तिथे ठेवलीय आणि हिरवीला तिच्या दोन्ही बाजूंना फाकवलंय.

"मग बरोबर आहे," बाबा म्हणाले, आणि पुढची पिन दाबली.

कोपऱ्यावरच्या खांबावर जो डीपीचा, म्हणजे घरोघरी फोनच्या जोड्या वाटायचा डबा आहे, झाकण लोंबतंय, आत गांधीलमाश्यांनी घर केलंय, त्यातल्या पट्टीवर आमच्या आळीच्या सगळ्या जोड्या बाबांनी स्वतः लावलेल्या आहेत. त्यावर आता काहीच चालत नाही. त्याबद्दल ते कधी बोलत नाहीत, आणि मी विचारत नाही, येताजाता आम्ही दोघंही त्या खांबाकडे न बघता जातो. मला स्वतःला फायबर हवाच आहे, मी त्याच्यावर पगार कमावते, दोन दिवस तांब्याच्या स्पीडवर काम करायला लागलं तर मी रडेन. म्हणून याबद्दल हळहळायचा मला नक्की किती हक्क आहे ते ठरत नाही.

जूनच्या पहिल्या वादळाला फणसाची फांदी पडून फायबर तुटला. राउटरशेजारच्या डब्यावर एलओएसचा, म्हणजे सिग्नल गेल्याचा, लाल दिवा. आतली लॅन केबल ठणठणीत, घरातल्या घरात राउटरला पिंग एका मिलीसेकंदाच्या आत, आणि पुढे काही नाही. दुपारी केबलवाल्याचा मुलगा आला, असेल बावीस-तेवीसचा, पाठीला सॅक, आत स्प्लायसिंगचं, म्हणजे फायबर जोडायचं मशीन प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत. पडवीत बसून त्याने काच सोलली, स्पिरिटने पुसली, टोकं कापली, मशीनच्या छोट्या पडद्यावर दोन टोकं समोरासमोर आली. सगळी काच मिळून १२५ मायक्रॉन, त्यातला उजेड जातो तो गाभा फक्त ९, आणि हे दोन गाभे एकमेकांसमोर यायला हवेत. एक ठिणगी, झालं. बाबा छत्री धरून त्याच्या खांद्यावरून बघत होते, प्रश्नांवर प्रश्न. ओल शिरली तर काय, दुमडला तर काय, लॉस किती धरता. पोरगा पण खुलून सांगत होता. उजेड किती पोचतो ते बघायला मीटर लावला, उणे एकोणीस, चालेल काका.

मग दुसरं टोक वर बांधायला तो निघाला. खांब विजेचा. पाऊस बारीक चालूच. त्याने चपला काढल्या, फायबरचा वेटोळा खांद्यावर टाकला आणि खांबाला हात घातला.

"ए, बेल्ट कुठाय?"

"आम्हाला कुठला बेल्ट काका."

"वरची लाईन बंद करून घेतलीय?"

तो नुसता हसला. बाबांनी त्याचा शर्ट मागून धरला, खरोखर धरला, आणि मला आतून शिडी आणायला पाठवलं. शिडी आमचीच, लाकडी, मी आणि आई दोघींनी उचलून आणली. बाबा त्याला विचारत होते पगार आहे का तक्रारीमागे पैसे, तक्रारीमागेच, बरं, आणि पडलास तर दवाखान्याचं कोण बघतं, काका असं कसं विचारता, अरे विचारायला नको? माळ्यावर बाबांचा खात्यातला बेल्ट आहे म्हणून शोधायला गेले तर तो पुरात भिजून कडक झालेला, वाकवला तर चामडं तडकलं. तेवढ्यात मालक स्वतः स्कूटरवर आला, आळीत सगळ्यांचंच बंद होतं म्हणून. रेनकोट न काढता म्हणाला काय काका, अजून झालं नाही का.

"होईल," बाबा म्हणाले. "वर लाईट चालू आहे, ती बंद करून घ्या, मग तो चढेल. आणि याला बेल्ट आणून द्या."

"देऊ की काका. बघतो."

"बघतो नाही. तारीख सांगा." आणि खिशातून पेन काढलं.